भर पावसात कोकण किनाऱ्यावर जायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून स्वतःची गाडी, तुम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरी गाठलेल्या सासूबाई. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात चार दिवस मोकळे आहेत. खोल्यांचे दर मे महिन्याच्या जवळजवळ निम्म्यावर आलेत, म्हणून काशीद, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर, गुहागर आणि जमलंच तर गणपतीपुळे असा बेत आहे. ओळखीतले अर्धे लोक म्हणतात, ‘स्वर्ग असतो, जाच’. उरलेले म्हणतात, ‘वेड लागलंय का?’ तर खरं कोणाचं?

मी गुहागर तालुक्यात राहते. घराला लागून बांधलेल्या खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो, पावसाळ्यातही देतो. त्यामुळे हा प्रश्न जून लागला की फोनवर येतोच. दोन्ही बाजूंचं खरं आहे, फक्त ते दोन वेगळ्या सहलींबद्दल बोलताहेत. समुद्रात डुंबायचं, बोटीने किल्ला बघायचा, रोज नवा किनारा आणि रात्री ताजी सुरमई, अशा हिशेबाने जुलैत आलेला माणूस दुसऱ्या दिवशीच चिडचिडा होतो. एका गावात बूड टेकून पाऊस, आगरं, लावणीची शेतं आणि लांबून खवळलेला समुद्र बघायला आलेला माणूस मुक्काम वाढवून मागतो. तुम्ही महिना दुसऱ्या सहलीचा निवडलाय आणि बेत पहिल्या सहलीचा आखलाय. गोची तिथेच आहे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. या. पण सहापैकी एकच गाव धरा. पाण्यात कोणीही उतरणार नाही हे पुण्यातच ठरवा, मुलीलाही तेव्हाच सांगा. आणि चार दिवसांतला एक दिवस कोरा ठेवा. बाकी बरंच काही त्या आठवड्याच्या पावसावर, सासूबाईंच्या गुडघ्यांवर आणि घाटात गाडी चालवायची तुम्हाला किती सवय आहे यावर अवलंबून आहे. तिथे ‘असंच करा’ म्हणून मी सांगू शकत नाही.

आधी समुद्राचं बघू, कारण गैरसमज सगळ्यात जास्त तिथेच आहेत. लोकांना वाटतं पावसाळ्यात लाटा मोठ्या असतात एवढाच काय तो फरक. तसं नाही, किनाराच बदललेला असतो. नैर्ऋत्येचा वारा सतत जमिनीकडे येतो, त्या लाटा पुळणीवरची वाळू ओरबाडून आत नेतात आणि किनारा अरुंद नि उताराचा होतो. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की तीच वाळू हळूहळू परत येते. म्हणजे मे महिन्यात जिथे तुमची मुलगी गुडघाभर पाण्यात खेळली, तिथे जुलैत दोन पावलांवर पाणी कमरेला लागू शकतं. शिवाय लाटांनी आणलेलं पाणी परत जाताना एखाद्या पट्ट्यातून जोरात आत ओढलं जातं. हा पट्टा ओळखायला फसवा असतो. आजूबाजूला लाटा फुटत असतात आणि नेमकं तिथेच पाणी जरा सपाट, गढूळ आणि शांत दिसतं. पोहता न येणारा माणूस साहजिकच ‘इथे बरंय’ म्हणून तिथेच उतरतो. चुकून कोणी सापडलाच तर किनाऱ्याच्या दिशेने ताकद लावायची नाही, किनाऱ्याला समांतर आडवं सरकत त्या पट्ट्याच्या बाहेर पडायचं. पण हे वाचून कोणी जुलैत पोहायचा विचार करू नये. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी परतणारी लाट टाचांखालची वाळू कशी खणून नेते ते एकदा अनुभवा, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. नऊ वर्षांच्या मुलीचा तोल जायला तेवढं पुरतं.

तुमच्या यादीतले काशीद आणि गणपतीपुळे हे दोन्ही किनारे मुळातच उताराचे. दोन्हीकडे पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतच असतात आणि त्यातले बहुतेक बाहेरगावचे असतात. जीवरक्षकाने शिट्टी मारली की वाद घालू नका. त्याला त्या पाण्यात दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

किनाऱ्यावर फिरायला मात्र जा, फक्त वेळ बघून. त्यासाठी मोबाइलवरचं ॲप लागत नाही, कालनिर्णय पुरतं. आमच्याकडे जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि त्यापासून साधारण सहा तासांनी, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. शुक्ल असो की कृष्ण, प्रत्येक पक्षात तिथी एकपासून मोजायची. रोज भरती पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. जागेनुसार थोडंफार मागेपुढे होतं, पण बेत आखायला हे पुरेसं आहे. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे एकदोन दिवस उधाणाची भरती असते, पाणी सुरूच्या बनापर्यंत चढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी. तुमच्याकडे तारखा हलवायची मुभा असेल तर अष्टमीच्या आगेमागे या आणि किनाऱ्यावर ओहोटी लागल्यानंतर जा. भरती सुरू झाली की मागे फिरा.

आषाढी अमावास्येचा आठवडा तर चुकवाच. एक तर समुद्राला उधाण, त्यात गटारीला आलेल्या टोळक्यांच्या अंगात उधाण. रस्ते आणि किनारे दोन्ही त्या दिवसांत कुटुंबाने जाण्याजोगे नसतात. आमच्याकडे त्या शनिवार-रविवारी खोलीची चौकशी बरीच येते, आणि फोनवरचा आवाज ऐकूनच आम्ही ‘शिल्लक नाही’ म्हणतो.

खडकाळ जागांबद्दल वेगळं सांगते, कारण तिथे माणूस पाण्यात उतरत नाही म्हणून बेसावध असतो. हरिहरेश्वरच्या देवळामागचा प्रदक्षिणेचा मार्ग समुद्रालगतच्या खडकांवरून जातो. तो ओहोटीचा मार्ग आहे, आणि पावसाळ्यात तर तोही नाही. देवदर्शन करा, पायऱ्यांच्या वरून समुद्र बघा, परत या. आमच्या भागात हेदवीला बामणघळ आहे: कातळाला पडलेली अरुंद उभी चीर. भरतीच्या वेळी लाट त्या चिरेत घुसते, आत कोंडते आणि मग पाणी सरळ वर उसळतं. खालून घुमल्यासारखा आवाज येतो, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग फवारा. जुलैत हे दृश्य सगळ्यात जोरदार असतं आणि जागा सगळ्यात घातक. खडक शेवाळलेला असतो. चारपाच लाटा बेताच्या येतात, लोक फोटोसाठी दोन पावलं पुढे सरकतात, आणि सहावी लाट दुप्पट येते. ज्या खडकाचा रंग ओला काळा दिसतोय तिथपर्यंत पाणी येऊन गेलेलं आहे, असं समजून त्याच्या बऱ्याच मागे कोरड्यात थांबायचं. पाऊस पडत असेल तर सगळाच खडक ओला, कळायला मार्ग नाही. मग जायचंच नाही.

बंद काय असतं ते आता पटकन. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत किनाऱ्यावरचे जलक्रीडेचे प्रकार आणि समुद्रातल्या किल्ल्यांच्या होड्या बंद असतात. त्यामुळे जंजिरा आत जाऊन बघता येणार नाही, राजपुरीच्या किनाऱ्यावरूनच बघावा लागेल. मालवणचा सिंधुदुर्ग, हर्णैचा सुवर्णदुर्ग यांचंही तेच. गेटवे ते मांडवा लाँचसेवाही या काळात बंद असते, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणारी मोठी बोट, मात्र हवामान बघून चालते. खाड्यांवरच्या फेरीबोटी, म्हणजे आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड, पावसाळ्यातही सुरू असतात, पण वारा वाढला की तासभर किंवा दिवसभर थांबतात. बोटीवर भिस्त ठेवून बेत आखायचा असेल तर वळशाचा रस्ता किती तासांचा पडतो तेही आधी बघून ठेवा. जमिनीवरून जाता येणारे किल्ले आहेतच: रत्नागिरीचा रत्नदुर्ग, जयगड, विजयदुर्ग. हिरव्या तटबंदीचा विजयदुर्ग बघायचा तर पावसाळ्यातच. पुण्याहून चार दिवसांत तो बसणार नाही, पुढच्या खेपेला ठेवा.

आता रस्ता. खरं तर तुमच्या सहलीचं भवितव्य समुद्रापेक्षा घाटात ठरणार आहे.

पुण्याहून उतरायला ताम्हिणी, वरंधा, नाहीतर साताऱ्याकडून आंबेनळी किंवा कुंभार्ली. वरंधा जुलैत विचारातच घेऊ नका. दरडींमुळे तो पावसाळ्यात बऱ्याचदा बंद ठेवतात, आणि उघडा असला तरी तुमच्यासारख्या गाडीभर कुटुंबाचा तो रस्ता नव्हे. आंबेनळीलाही दरडींचा त्रास आहे. ताम्हिणी रुंद झालाय, पण सह्याद्रीतल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यातून जातो. धुकं उतरलं की पुढच्या गाडीचे दिवेसुद्धा दिसत नाहीत, आणि शनिवार-रविवारी धबधब्यापाशी वाटेल तशा गाड्या लावून लोक नाचत असतात. कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरता येतं, पण गुहागरपर्यंत पावसात आठ-नऊ तास धरून चाला. चिपळूणचं एक लक्षात ठेवा. वाशिष्ठीला पूर आला आणि त्याच वेळी खाडीला भरती असली की पाणी उतरायला जागा नसते. २२ जुलै २०२१ ला शहरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्याच दिवशी महाडजवळ तळीयेला दरड कोसळली. मी घाबरवत नाहीये. पण जुलैचा दुसरा पंधरवडा म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या पावसाचे दिवस, हे समजून निघा.

हवामान खात्याचा इशारा कसा वाचायचा? २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की खातं त्याला जोरदार पाऊस म्हणतं, ११५.६ पासून अतिजोरदार, आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार. पुणेकराला ६५ मिलिमीटर म्हणजे पूर वाटतो, आमच्याकडे जुलैत तो साधा कामाचा दिवस असतो, मुलं शाळेत जातात. त्यामुळे पिवळा इशारा बघून बेत रद्द करू नका. नारिंगी असेल तर घाट त्या दिवशी टाळा, गावात असाल तर गावातच थांबा. लाल असेल तर निघूच नका. मात्र इशारा बघताना फक्त मुक्कामाचा जिल्हा बघून भागत नाही, हे बरेच जण विसरतात. दिवेआगर रायगडात आहे, पण ताम्हिणीचा अर्धा घाट पुणे जिल्ह्यात. दोन्ही जिल्हे बघा, ‘पुणे घाटमाथा’ असा वेगळा उल्लेख असतो तोही बघा. इशारा मोठा असला की जिल्हाधिकारी धबधबे, घाट आणि किनाऱ्यांवर मनाई आदेश काढतात. ते जिल्हा प्रशासनाच्या समाजमाध्यमांवर त्याच दिवशी येतात.

घाट उतरायची वेळ सकाळचीच. पहाटे निघा, दुपारी दोनच्या आत मुक्कामाला पोचा. अंधारात दरडीची माती रस्त्यावर आलेली दिसत नाही, मोऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्याची खोली तर अजिबात कळत नाही. मोरीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, पुढची एसटी गेली तरी नाही. एसटीचं वजन आणि तिच्या ड्रायव्हरची त्या रस्त्यावरची वर्षं तुमच्या गाडीला नसतात. पाणी सहसा एकदोन तासांत उतरतं, तेवढा वेळ थांबा. गाडीचे वायपर आणि टायर निघण्याआधी बघून घ्या, हे वेगळं सांगायला नको.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी एक ओळ. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात, आणि पाऊस फार असला, समोरचं दिसेनासं झालं, तर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणतात. म्हणून उशीर होतो, पण मला स्वतःला भर पावसात घाटरस्त्यापेक्षा तोच उशीर परवडतो. पुण्याहून ते सोयीचं पडणार नाही.

आता कोणतं गाव. माझ्याकडे या, असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तुमच्या परिस्थितीत मी दिवेआगर सांगेन. पुण्याहून ताम्हिणी–माणगाव–म्हसळा असं उतरता येतं. ताम्हिणी बंद झाला तर द्रुतगती मार्गाने खोपोली, पाली करून माणगाव गाठता येतं. लांब पडतं, माणगावच्या कोंडीत वेळ जातो, पण दुसरा रस्ता असणं हीच पावसाळ्यात चैन आहे. गुहागरला यायला तुम्हाला तेवढी सोपी पळवाट नाही. दुसरं कारण सासूबाई. दिवेआगर सपाट आहे, घरं आणि वाड्या एका पातळीवर. आमच्याकडे कुठल्याही घराला जायचं म्हणजे जांभ्याची पाखाडी उतरायची किंवा चढायची. जुलैत त्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ धरतं आणि धडधाकट माणूसही घसरतो. आम्ही चुना-ब्लीचिंग टाकून खराट्याने घासत असतो, तरी आठवड्यात पुन्हा येतं. सत्तरीतल्या माणसाचं खुब्याचं हाड आणि जवळचं मोठं रुग्णालय दीड तासावर, हा जुगार मी माझ्या पाहुण्यांनाही खेळू देत नाही. त्यांचे गुडघे दुखत असतील तर फोनवरच सांगते की दिवाळीनंतर या.

दिवेआगरला बसून काय करणार? सकाळी ओहोटीची वेळ साधून किनाऱ्यावर लांब चक्कर. पावसाच्या दोन सरींमध्ये उघडीप मिळते, कधी वीस मिनिटं, कधी तीन तास. ती मिळाली की हातातलं काम टाकून बाहेर पडायचं, कारण दुसरी कधी मिळेल ते सांगता येत नाही. माझ्याकडे येणारे जाणते पाहुणे छत्री दाराशीच ठेवतात. वाड्यांतून फिरा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातली नारळी-पोफळीची आगरं आडवी केली होती. जुन्या उंच पोफळींच्या मधल्या मोकळ्या जागांत नंतर लावलेली कमी उंचीची झाडं ओळखू येतात, मुलीला दाखवा. एक दिवस चांगली उघडीप असेल तर शेखाडीमार्गे श्रीवर्धन, हरिहरेश्वर अशी अर्ध्या दिवसाची चक्कर होते. तो रस्ता बराचसा समुद्राला खेटून आहे, त्यामुळे भरतीच्या आणि वाऱ्याच्या दिवशी नको. यजमानांना विचारून जा. लावणी चालू असेल तर शेताच्या बांधावर थांबून बघा, पण विचारल्याशिवाय चिखलात उतरू नका, आणि पायाला जखम असेल तर मुळीच नको. लेप्टोस्पायरोसिस साचलेल्या पाण्या-चिखलातूनच होतो. परतल्यावर पंधरवड्यात ताप आला तर डॉक्टरांना ‘कोकणात पाण्यात फिरलो होतो’ हे आवर्जून सांगा.

खोली घेताना मात्र मे महिन्याचे निकष उपयोगी नाहीत. समुद्राकडे तोंड असलेली खोली मेमध्ये महाग असते, जुलैत तीच सगळ्यात दमट. वाऱ्याबरोबर पावसाची झड आणि खारं पाणी थेट आत येतं, दार फुगतं, कडी लागत नाही. रस्त्याच्या किंवा वाडीच्या बाजूची खोली मागा. वातानुकूलित यंत्राची गरज नाही, पण पंखा बॅटरीवर चालतो का ते विचारा. वीज जाते आणि कधी रात्रभर येत नाही, एखादा माड तारांवर पडला तर महावितरणची माणसं भर पावसात येऊन जोडेपर्यंत थांबावं लागतं. पुढचा प्रश्न मी स्वतः दुसरीकडे जाते तेव्हा विचारतेच: ‘मागच्या आठवड्यात त्या खोलीत कोणी राहिलं होतं का?’ जूनपासून बंद असलेल्या खोलीची गादी कितीही धुतलेल्या चादरीखाली कुबट लागते आणि भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी दिसते. सासूबाईंना दमा असेल तर त्या खोलीत पहिल्याच रात्री त्रास होईल. राबती खोली बघा, मग ती साधी असली तरी चालेल. आणि पडवी हवीच, बंदिस्त किंवा निदान झडीला कापड बांधलेली. पाच तास पाऊस थांबला नाही तर चार माणसं बसणार कुठे? कॉटवर बसून मोबाइल बघायचा असेल तर पुणं काय वाईट आहे!

दर घासाघीस करून आणखी पाडू नका. आमच्याकडे हंगामात अडीच-तीन हजारांना जाणारी खोली जुलैत पंधराशे-अठराशेला असते. त्याहून खाली गेलं की यजमान मदतनीस बाईंना सुट्टी देतो, मग स्वयंपाक आणि सफाई दोन्ही ढेपाळतात. रोख पैसे जवळ ठेवा. वीज गेली की नेटवर्क जातं आणि यूपीआय त्याच्याबरोबर.

जेवणाचंही आधी बोलून घ्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ. त्यामुळे जुलैत ताटात आलेली सुरमई किंवा पापलेट बहुधा बर्फातलं असतं, आणि दर ताज्याचा. त्याऐवजी यजमानांच्या घरात जे शिजतं ते मागा: सोड्यांची खिचडी, सुका बोंबील, खाडीच्या चिंबोऱ्या मिळाल्या तर त्या, वालाचं बिरडं, आठळ्यांची भाजी, भारंगी, अळूचं फदफदं. श्रावण लागला असेल तर बऱ्याच घरांत मांसाहार शिजत नाही, नंतर रुसवा नको म्हणून आधीच विचारा. दुपारचं जेवण सकाळी आठच्या आत सांगायचं, कारण जवळपास खानावळी उघड्या असतीलच असं नाही.

रात्री अंगणात जाताना टॉर्च आणि बंद बूट. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की साप कोरड्यात येतात, आणि फुरसं एवढंसं असतं की पाचोळ्यात दिसत नाही. दारात ठेवलेल्या चपला झटकून घाला. चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका. माणसाला हालचाल न करू देता थेट सरकारी दवाखाना गाठा आणि तिथे सर्पदंशावरची लस आहे का ते वाटेतच फोन करून विचारा. यजमानाकडे तो नंबर असतो.

तारखा बदलता येत असतील तर माझी पहिली पसंती जुलै नाहीच. गणपतीचे दिवस सोडा. तेव्हा हंगाम नसला तरी कोकण चाकरमान्यांनी भरलेलं असतं, आमच्याही खोल्यांत आमचेच नातेवाईक असतात, आणि महामार्गाची काय अवस्था होते ते तुम्ही बातम्यांत बघताच. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या तर तेही टाळा. पण अनंत चतुर्दशी झाली की पितृपंधरवडा लागतो. पुष्कळ लोक त्या दिवसांत सहल ठरवत नाहीत, म्हणून गर्दी नाही. दर अजून पावसाळ्याचेच असतात, पाऊस सरींवर आलेला असतो, भात पोटरीला आलेलं, सड्यांवर, म्हणजे कातळाच्या माळांवर, कातळफुलं. १ सप्टेंबरनंतर हवामान बरं असेल तर किल्ल्यांच्या होड्याही सुटू लागतात. पाण्यात मात्र तेव्हाही उतरायचं नाही, समुद्र अजून निवलेला नसतो. तुमच्या घरात पितृपक्षाचं काही नसेल तर सासूबाईंना घेऊन यायला वर्षातले हेच दिवस मी सुचवेन. शाळेचं तेवढं बघा.

जुलैच नक्की असेल तर सोमवार ते गुरुवार या. तीन रात्री दिवेआगर, चौथा दिवस परतीचा, आणि पाचवा दिवस रजेच्या अर्जात राखून ठेवा, घाट बंद झाला तर लागेल. खोली ठरवताना यजमानांना सरळ विचारा: ‘लाल इशारा आला किंवा घाट बंद झाला तर तारीख पुढे देणार का?’ आम्ही देतो, तीन महिन्यांपर्यंत. बरेच जण देतात, पण तोंडी बोलणं दोघांच्याही लक्षात राहत नाही, म्हणून ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि मगच आगाऊ रक्कम पाठवा. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांना पुन्हा फोन करा आणि ‘पाऊस कसा आहे’ असं विचारू नका. जुलैत त्याला कोकणी माणसाचं उत्तर एकच असतं, ‘आहे की’. माणगावहून आज एसटी वेळेवर आली का, ते विचारा.